विसापैकी नऊ

"रात्री झोप लागते का?" कौसल्याने अकरावा प्रश्न विचारला.

"लागते नं. पडलो का लागते," नानाजी म्हणाले. "च्या घेता का अजून?"

तिने मानेनेच नको म्हटलं आणि फॉर्मवर पेनाने खूण करून शेजारी दोन शब्द लिहिले.

वीस प्रश्न, प्रत्येकाला एक गुण. कापसाचं गणित बिघडल्यापासून नागपूरच्या एका संस्थेने जिल्ह्यात आर्थिक सल्लागार नेमले होते. कौसल्या त्यातली एक. घरोघरी जायचं, माणसाची पैशाअडक्याची तब्येत मोजायची, जमेल तो सल्ला द्यायचा. बाराच्या खाली गुण असतील त्या घरी दर महिन्याला जायचं. बारा झाले की वर्षातून एकदाच.

नानाजी चौदा महिने नऊवर होते.

कापसातून सरकी काढणाऱ्या नेरच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी तीस वर्षं काट्यावर काढली. भरलेली गाडी मोजायची, कापूस उतरला की रिकामी मोजायची आणि उरलेलं वजन मोठ्याने सांगायचं. त्यात त्यांनी कधी एका किलोची लबाडी केली नाही. त्यापायी मालकाने दोनदा दिवाळीचा बोनस अडवला, तरी नाही. पुढे जिनिंग बंद पडली, बायकोही गेली. आता स्वतःच्या हाताने बांधलेल्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत.

मुलगा रजत पांढरकवड्याला ट्रकवर होता. "महिन्याच्या महिन्याले येते, पैसे देऊन जाते," असं नानाजी दर वेळी सांगत. दर वेळी सगळं चांगलंच सांगत. आपलं दुखणं दाराबाहेर जाऊ न देणारी माणसं कौसल्याला चांगलीच ठाऊक होती.

"तुमच्या पोरीचा, पायलचा, येते ना फोन पुण्याहून?" त्यांनी विचारलं.

"येतो की. दर रविवारी," फॉर्मवरून मान वर न काढता ती म्हणाली.

शेवटचा प्रश्न होता, अडचणीत हक्काने हाक मारावी असं कोणी आहे का? तो तिने मोठ्याने वाचलाच नाही. नुसती खूण केली आणि फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. नानाजींनी तो हात लांब करून धरला, नेहमीसारखं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि खाली सही केली. चष्मा त्यांना नव्हता.

मग त्यांनी भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. दोघं जिनिंगच्या जुन्या गोष्टी बोलत जेवले. महिन्यातला हा एक दिवस कौसल्याला फार आवडायचा. त्या दिवशी यवतमाळच्या खोलीवरून ती घरमालक उठायच्या आत निघायची, पहिली एसटी धरायची आणि शेवटच्या एसटीने परतायची. एरवी दिवसभर ती माणसांशीच बोलायची, पण समोर बसून जेव म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

पुढच्या महिन्यात संस्थेचे रोशन साहेब जीप घेऊन आले.

"बाभुळगाव, नेर धरून तुमची एकशे चाळीस घरं," ते वाटेत म्हणाले. "सगळे थोडेफार वर-खाली झाले. हा एकच माणूस नऊवरून हलत नाही. आज मी विचारतो. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

कौसल्याने मनात हिशेब केला. नानाजी आजही नेहमीसारखं सगळं चांगलं सांगतील. सतरा-अठरा गुण भरतील आणि तिचं इथलं येणं बंद होईल. नोकरीचंही काही खरं नव्हतं. पण त्या क्षणी तिला नोकरीपेक्षा या घराचीच काळजी जास्त वाटली.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "बाबा, लाजायचं नाही. खरं असेल ते सांगायचं. घरात महिनाभराचं धान्य आहे?"

नानाजींनी एकदा कौसल्याकडे पाहिलं. दाराआड ज्वारीची दोन पोती उभी होती.

"नाही," ते म्हणाले.

कौसल्याने चमकून वर पाहिलं.

"रात्री झोप लागते?"

"नाही लागत."

"घरभाडं थकलंय का?"

"हाव. दोन महिन्याचं."

"मुलंबाळं विचारपूस करतात?"

"सहा महिने झाले, फोन नाही."

प्रत्येक उत्तराआधी ते क्षणभर थांबत आणि मग काट्यावरचं वजन सांगावं तसं शांतपणे सांगत. विसाव्या प्रश्नालाही त्यांनी नाहीच म्हटलं. साहेबांनी बेरीज केली, पुन्हा केली आणि कौसल्याकडे वळले.

"नऊच आहेत. तुमचं मोजमाप चोख आहे, बाई. येत राहा यांच्याकडे."

जीप बाभुळगावच्या रस्त्याला लागली. कौसल्या ओसरीवर तशीच बसून राहिली. नानाजी आत गेले आणि चहाचं आधण ठेवून आले.

"तुम्ही खोटं काहून बोलले, नानाजी?" तिने हळूच विचारलं. "तीस वर्षांत कधी बोलले नाही."

"मी कायले खोटं बोलू? फारमात होतं तेच सांगतलं. चौदा महिने झाले, सही करायच्या पहिले पुरं वाचून राह्यलो."

कौसल्याने मान खाली घातली. नानाजी तिच्यासमोर येऊन बसले.

"हे घर तं माहं सोताचं हाय," ते म्हणाले. "तुमच्या खोलीचं भाडं महिन्याले किती हाय, बाई?"