बंद कडेची अंगठी

भगवंतराव सरांनी खिशातून कागदाची पुडी काढून सोनाराच्या काउंटरच्या काचेवर ठेवली आणि बायकोकडे पाहिलं. विमलबाईंनीच ती उघडली. आत साबुदाण्याएवढा हिरा होता.

"माह्या नाकातला हाय," त्या म्हणाल्या. "यांची नोकरी पक्की झाली तवा घेतला होता. आता आमच्या दीक्षाची सोयरीक जमली. म्हटलं, तिच्या बोटात जाऊ दे. रविवारी साखरपुडा हाय. होईल ना तवापर्यंत?"

नागेशने चिमट्याने खडा उचलला. तो निसटून परत कागदावर पडला.

"होईल," तो म्हणाला.

दीक्षा नार्नूरच्या शाळेत शिकवायची. नागेशचं दुकान आदिलाबादच्या बसस्टँडसमोर. दोन वर्षं रोज सकाळी बस लागेपर्यंत ती त्याच्या पायरीवर उभी राहायची. मग दोघांनी लग्नाचं ठरवलं. अडचण घरांची होती. त्याचं घर तेलुगू बोलणाऱ्या सोनारांचं, तिचं मराठी बौद्धांचं. शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी तिने घरी सांगून टाकलं आणि संध्याकाळी त्याला फोन केला.

"बाबा काहीच बोलले नाहीत. नुसते पुस्तक उघडून बसले. मी सांगेपर्यंत तू फोन नको करू."

त्याला वीस दिवस झाले होते. तिने त्याचं नाव सांगितलं होतं की नुसतंच 'एक मुलगा' म्हटलं होतं, हे विचारायचं राहून गेलं होतं. मागच्या आठवड्यात शेजारच्या कापडवाल्याने सहज सांगितलं की सरांकडे यवतमाळचे पाहुणे आले होते, सोबत एक तरणा मुलगाही होता.

नागेशने नमुन्यांचा ट्रे काढला.

"खडा बारीक आहे काकू. दोन तऱ्हेनं बसवता येते. ही चार नखांची. खडा वर उचलून धरते, उजेड खालूनही जाते. अन् ही बंद कडेची. सोन्याची पट्टी चारी बाजूनं फिरते."

"नखांचीच करा," विमलबाई लगेच म्हणाल्या. "लोकायले दिसला तर पाहिजे. त्या दुसरीत खडा हाय का नाय ते शोधावं लागल. तुमी बोला ना हो काही. घरातही मुके, दुकानातही मुके."

सर ट्रेकडे पाहत राहिले. "तुला समजते त्याच्यातलं," ते पुटपुटले.

नखांची अंगठी खरंच देखणी झाली असती. पण शाळेतल्या बाईचा हात. रोज फळा पुसणार, ओढणी सावरणार. वर्षभरात एखादं नख उचललं असतं आणि खडा कुठेतरी गळून गेला असता. वस्तू तर गिऱ्हाइकानेच मागितलेली होती. नागेशला कोणी नाव ठेवलं नसतं. त्या यवतमाळच्या घरात तो खडा हरवला असता, एवढंच.

त्याने नखांचा नमुना उचलला, थोडा वेळ हातात फिरवला आणि परत ठेवला.

"ही नका घेऊ काकू."

"काऊन?"

"नख कपड्यात अडकते. खडा पडून जाईल. बंद कडेत लहान दिसेल, पण जागचा हलणार नाही."

"गिऱ्हाईक म्हणते एक, तुमी सांगता दुसरंच. असा धंदा कसा होते बाप्पा?"

सरांनी पहिल्यांदाच मान वर केली. "तुमच्या घरातल्या माणसाले द्यायची असती, तर कोणती केली असती?"

"हीच," नागेशने बंद कडेचा नमुना पुढे सरकवला.

"मग हीच करा."

विमलबाईंनी कपाळाला हात लावला. "अन् बोटाचं माप तर आणलंच नाही! दोरा टेबलावरच राह्यला. आता यांलेच पाठवू का घरी?"

"अकरा नंबर," नागेश म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. मागच्या वर्षी त्याने दीक्षाला बोटात घालायला चांदीचा छल्ला करून दिला होता. तो घाईघाईने ट्रेमधले नमुने लावायला लागला.

"म्हणजे... अंदाजानं. तेवढंच असते बहुतेक."

"अंदाज बरा हाय हो तुमचा," विमलबाई म्हणाल्या. "माह्या बोटाचं माप सांगा पाहू?"

नागेशने त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्याला सांगता येईना. सर खोकले आणि चष्मा पुसायला लागले.

"मुलगा चांगला आहे का?" नागेशने विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"चांगला हाय," विमलबाई म्हणाल्या. "पण बोलत नाही. यांच्यासारखाच. दोन मुके एका जागी बसले म्हणजे माहं कसं होईन, ह्याचीच काळजी हाय."

"दीक्षा खूश आहे?"

"सकाळपासून गाणे म्हणून राह्यली."

नागेशने मान हलवली. पावतीपुस्तक ओढून त्याने तिचं नाव लिहिलं. लिहिता लिहिता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. कसल्या तरी शेवटच्या आशेने त्याने पेन थांबवला.

"सर, एक विचारू? मुलीची अंगठी तर मुलाकडून येते. तुमी काऊन करून घेऊन राह्यले?"

सर उठले. त्यांनी खड्याची पुडी नीट बांधली, नागेशच्या तळहातावर ठेवली आणि जमिनीकडे पाहत म्हणाले,

"मुलाकडूनच येईल. रविवारी तुमच्या आईले घेऊन निघाल, तवा अंगठी घरी विसरू नका."