सोनूबाईचं चित्र

मुंबईतलं भाडं झेपेना म्हणून चित्रकार प्रज्योत समुद्रकाठच्या काशीद गावात सोनूबाईच्या घराच्या मागच्या खोलीत राहायला आला. पुढे तिथेही पर्यटकांची रीघ लागली आणि तिचा मुलगा मितेश म्हणाला, "दादा, खोली पर्यटकांना द्यायचीय. आयेचं चित्र हातात घेतलंय तेवढं पुरं करा, मग निघा."

चित्र झालं. मितेश बघतच राहिला. सोनूबाईने मात्र तोंड वाकडं केलं. "मी एवढी म्हातारी हाय व्हय? परत काढ!"

परत काढलं, तर तिला डोळे तिरळे वाटले. तिसऱ्या खेपेला नाक पसंत पडेना.

प्रज्योत पार खचला. "मावशी, मला खरंच चित्र काढता येत नाही का?"

मितेश बाहेर गेलेला बघून ती हळूच म्हणाली, "येड्या, पयलंच बेस झालं व्हतं. पन तसं बोलले असते, तर आज कुठं असतास?"