पानाखालची तीट

पानाखाली तीट नव्हती.

रिनाने कुंडी खिडकीच्या उजेडात धरली आणि एकेक पान खालून पुन्हा पाहिलं. सगळ्यात मोठ्या पानाच्या मागे, देठाजवळ, तिने स्वतः काजळाचा ठिपका लावला होता. सोमवारी. शेजारच्या रशिदाआपा खिडकीशी थांबून म्हणाल्या होत्या, “क्या फूल आये हैं, रिना! जसं मखमल कापून लावलंय.” आपा गेल्या आणि रिनाने काजळाची डबी उघडली. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालेली बाई कुंडीला तीट लावताना कुणाला दिसू नये, म्हणून पानाखाली लावली. आज शुक्रवार. पानांवर पाण्याचा थेंबही पडू द्यायचा नाही, हा तर तिचाच नियम. मग ठिपका पुसला कुणी?

तिने पानं मोजली. अकरा. वहीत कालची नोंद तेरा होती.

हे आफ्रिकन व्हायोलेट दिवाळीत घरात आलं. तिचा नवरा भरत मिरचीचे नमुने घेऊन दर आठवड्याला सुरतला जातो. तिथल्या नर्सरीतून त्याने बायकोसाठी आणलं. त्याआधीचं अख्खं वर्ष रिनाने वाटी-चमचा घेऊन अन्विशाच्या मागे धावण्यात घालवलं होतं. मुलगी दोन वर्षांची झाली तरी वजन नऊ किलोवर अडलेलं. मिक्सरमधून काढलेली खिचडी, उकळून गाळून पुन्हा उकळलेलं पाणी, आणि बाहेर मिरचीचा खकाणा म्हणून बंद खिडक्या. नंदुरबारला मिरचीचा हंगाम चार महिने चालतो. पोरही चार महिने आतच. ती तोंड मिटायची, आई रडायची. डॉक्टर म्हणाले, “मुलीला काही झालेलं नाही. तुम्ही तेवढ्या तिच्या ताटासमोरून उठा.” रिनाने डॉक्टर बदलला. दुसराही तेच म्हणाला.

मग हे रोप. नाजूक, लहरी, जरा चुकलं की सडणारं. रिनाने ठरवूनच टाकलं, आणि भरतला सांगितलंही: हे जगलं तर समजायचं, आपल्याला मूल वाढवता येतं.

त्या दिवसापासून बाळाचा थर्मामीटर कुंडीत गेला. औषधाच्या ड्रॉपरने पाणी मोजून देणं सुरू झालं. दर दोन तासांनी माती बोटाने चाचपायची, कोरडी असल्याची शंका आली तर पाणी द्यायचं. शंका तिला दर दोन तासांनी यायची. दोनदा रोपाने मान टाकली, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या सकाळी बघते तर टवटवीत! तिने बायकांच्या ‘घरची बाग’ या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आपली पद्धत सविस्तर लिहिली: फिल्टरचं पाणी कोमट करा, रोपाशी हळू आवाजात बोला. एकशे चाळीस जणींनी हात जोडले. दोघींची रोपं त्याच पद्धतीने गेली. त्यांनी मनापासून केलं नसेल, असं रिनाने त्यांना कळवलं.

कालही रोपाने मान टाकली होती. काल संध्याकाळीच भरत सुरतहून आला. आज रोप टवटवीत होतं. फक्त तीट नव्हती.

कुंडी तशीच हातात घेऊन ती मागच्या अंगणात गेली. धुण्याच्या दगडापाशी सासूबाई, फुलवंताबाई, बसल्या होत्या. कोरीट गावाहून नातीसाठी म्हणून आल्या त्या राहिल्याच. ‘अन्विशा’ त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्या तिला ठकू म्हणायच्या. ठकू अनवाणी उकिडवी बसून चिखलाच्या भाकरी थापत होती. तिच्यासमोर नर्सरीच्या तीन काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या चुलीसारख्या उपड्या मांडलेल्या. एका भाकरीवर भाजी म्हणून एक लिबलिबीत पान ठेवलं होतं.

पानावर काजळाचा ठिपका होता.

“आई, हे काय?”

फुलवंताबाईंनी पदर सावरला. “सांगस. पन भरतले बोलू नको.”

“सांगा.”

“हाई चौथं शे, माय. पहिलं ते देवदिवाळीलेच मरी गयं. तूच पानी पाजी पाजी मारं त्यासले.”

तीन. वही, थर्मामीटर, एकशे चाळीस हात, आणि तीन मेलेली. परीक्षा तिनेच ठेवली होती, आणि ती नापास झाली होती, तीनदा.

“मला सांगितलं का नाही?”

“काय सांगू? तू त्या झाडना मांगे लागनी, तवय कोठे पोर खावाले लागनी.”

तेव्हा रिनाने ठकूकडे नीट पाहिलं. पोटऱ्या भरल्या होत्या. मागच्या महिन्यात लस टोचायला नेलं तेव्हा काट्यावर साडेअकरा किलो आलं होतं, आणि रिनाने त्याचं श्रेय टॉनिकला दिलं होतं. आता ठकूच्या एका हाताला चिखल होता आणि दुसऱ्या हातात खरी भाकरी, लाल चटणी लावलेली. गाल घासाने फुगलेले.

“हात धुत...” रिनाच्या तोंडून निघालंच.

ठकूने वर पाहिलं. आई दिसली तसं तिने तोंड घट्ट मिटलं. घास गालात तसाच राहिला.

रिना वळली आणि आत आली. कुंडी खिडकीत ठेवून कान देऊन उभी राहिली. मग ठकूचा आवाज आला, “आजी, भाकर आखो दे.” आणखी मागत होती.

रिनाने ड्रॉपर बाजूला सारला. पाण्याचा भरलेला तांब्या उचलला आणि सगळा रोपावर ओतला, पानांवरून. मग भरतला फोन लावला.

“अहो, पुढच्या गुरुवारी सुरतहून एक व्हायोलेट आणा. आणि या खेपेला पानं मोजून आणा. याला अकरा होती.”