कुकरची वाटणी

"भांडं रुपचंदचं, झाकण झुलालचं," वनामामांनी निकाल दिला, "आणि शिट्टी माझ्या बहिणीची. झालं समाधान?"

समाधान कोणाचंच झालं नव्हतं. पण मामांना पाचची पारोळ्याची एसटी गाठायची होती. सकाळपासून ते धुळ्यात, देवपुरातल्या या ओट्यावर बसून दोन भाच्यांची वाटणी करत होते. भांडण मोरीचं पाणी कोणाच्या अंगाने जावं यावरून सुरू झालं होतं आणि दुपारपर्यंत परातींवर आलं होतं. खाटा वाटल्या, हंडे वाटले. उरला कुकर. तीन डब्यांचा, गल्लीतला पहिला. थोरल्या सुनेने भांड्याचा दांडा धरला होता, धाकटीने झाकणाची मूठ. मामांनी जे दिसलं ते वाटून टाकलं. गंमतच केली होती त्यांनी. सकाळपर्यंत कोणीतरी हट्ट सोडेल, असं त्यांना वाटलं. साल होतं शहाऐंशी.

कोणी सोडला नाही. नऊ वर्षं.

रोज सकाळी नऊला थोरली शेवंताबाई भांडं घेऊन ओट्यावर यायची. धाकटी इंदिराबाई झाकण आणायची. रबर झाकणाच्या हिश्श्यात आलं होतं. सासू धुरपदाबाई स्टो पेटवून बसलेली असायची. ती पदराची गाठ सोडायची, शिट्टी काढायची, फुंकायची आणि नथ पुसावी तशी पुसायची. मग एकीची तुरीची डाळ, दुसरीची वांगी आणि मधे म्हातारीचा भात. खालच्या डब्यातलं चांगलं शिजतं, म्हणून खाली कोण यावरून रोज वाद. म्हातारीने सम तारखा थोरलीला दिल्या, विषम धाकटीला. एकतीस आणि एक या लागोपाठच्या तारखांना थोरली निषेध म्हणून भाकरी नुसती मिरचीशी खायची.

दोघी एकमेकींशी बोलत नसत. कुकरशी बोलत.

"कुकरबुवा, काही लोक डाळ भिजवत नाहीत. चार शिट्ट्या घ्या."

"कुकरबुवा, काही लोकांची वांगीच जून असतात. चाळीस घेतल्या तरी नाही शिजायची."

कुकर दोघींना सारखंच उत्तर द्यायचा.

वाफेला मात्र वाटणी कळत नव्हती. शेवंताबाईच्या वरणाला इंदिराबाईच्या वांग्यांचा वास यायचा. वांग्यांना डाळीतल्या हिंगाचा. दोघे भाऊ आपापल्या दाराआड बसून, एकमेकांचं तोंड न पाहता, तेच जेवण भुरके मारत जेवायचे. पुढे घरोघर गॅस आला, मिक्सर आला, पण ती चव काही कोणाच्या ताटात परत उतरली नाही.

"बठ्ठं एकच वाफमा शिजस ना," धुरपदाबाई म्हणायची, "मंग घर एकच शे."

सगळं एका वाफेत शिजणं, एवढंच एक उरलं होतं. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांना, त्या प्रसादाच्या जेवणाला, भाऊबंद असतील तिथून एका ताटावर येतात. या दोघांनी रोटही वेगळे केले होते. ओट्याच्या मधोमध भिंत घालायला झुलालने विटा आणून रचल्या होत्या. पण भिंत घातली तर कुकर कोणाच्या बाजूला लावायचा, यावर सगळं अडलं होतं. विटांवर शेवाळ धरलं.

पंच्याण्णवच्या चैत्रात धुरपदाबाईचा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन जळगावला, लेकीकडे, बेबाबाईकडे. पहाटे दोन्ही मुलं तिला स्टँडवर घेऊन गेली. एकाने पिशवी चढवली, दुसऱ्याने आई.

त्या दिवशी नऊ वाजता भांडं आलं. झाकण आलं. शिट्टी पदराच्या गाठीत बसून पारोळ्याच्या पुढे गेली होती. महिनाभर येणार नव्हती.

दोघी उभ्या राहिल्या. कुकरबुवांना विचारण्यासारखं काही नव्हतं.

झुलाल दातात काडी घालत बाहेर आला. त्याने रिकामा स्टो पाहिला, मग विटा पाहिल्या.

"चला, सुटलो एकदाचे. उद्या सकाळी गवंडी बोलावतो."

"बोलाव," रुपचंद आपल्या दारातून म्हणाला. "वाळू मी आणतो."

नऊ वर्षांत भावांचं पहिल्यांदा एकमत झालं. दोघे कामावर गेले. दोघी आत गेल्या. दोन कड्या लागल्या.

अर्ध्या तासाने शिट्टी झाली. शेवंताबाईच्या घरातून. ती विरते न विरते तोच दुसरी झाली. इंदिराबाईच्या घरातून.

दोन्ही दारं उघडली. दोघींच्या हातात फडकी होती.

"केव्हाचा?" शेवंताबाईने विचारलं. या वेळी ती कुकरशी बोलत नव्हती.

"चार वर्षं झाली, अक्का. पाचोऱ्याच्या भावाने दिला. एका संध्याकाळी चोरून लावला होता. यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, आज कोण आजारी आहे? तुमचा?"

"सहा वर्षांचा. आमच्याकडे तर ताटच सरकवलं होतं."

आत दोन्ही कुकर पुन्हा एकदम ओरडले. दोघींपैकी कोणीही आत गेली नाही. इंदिराबाई विटांकडे बघत होती.

"गवंडी उद्या सकाळी येणार, अक्का."

शेवंताबाईने गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"दोन्ही बंद करून माळ्यावर टाकू. साडेअकराची जळगाव बस आहे, ती धरू. संध्याकाळच्या आत शिट्टी घेऊन येऊ."