दार लावून घे

"श्श. जरा कुणी बोलू नका," डॉक्टर अनुपमा म्हणाल्या आणि त्यांनी स्टेथोस्कोप गबरूच्या छातीला लावला.

गबरू म्हणजे गिनीपिग. येसाजीच्या मुलाच्या, हर्षदच्या, लेकीनं दिवाळीत मुंबईहून आणून आजोबांच्या ओटीत घातलेला. येसाजी आधी त्याला उंदीर म्हणायचा. आता ओढ्याकाठचं कोवळं गवत त्याला घातल्याशिवाय स्वतः चहाला शिवत नव्हता. कालपासून गबरूनं गवताला तोंड लावलं नव्हतं. नाक ओलं, डोळे चिकटलेले, बरगड्या भात्यासारख्या वरखाली. म्हणून शिवथरहून महाडपर्यंत मोटरसायकलवर, येसाजीची बायको रंगूबाई हिच्या मांडीवरच्या टोपलीत बसून स्वारी जनावरांच्या दवाखान्यात आली होती.

डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. नळ्या कानातून काढल्या, तरी घरघर ऐकू येतच होती.

"हा आवाज याचा नाही. कुणाचा आहे?"

"माजा हाय," रंगूबाई म्हणाली.

येसाजी हसला. "तिचं रोजचंच हाय ते. तुमी त्याचं बघा."

डॉक्टरांनी त्याचं बघितलं. छातीत संसर्ग होता. औषध दिलं, ड्रॉपरनं कसं पाजायचं ते दाखवलं. मग विचारलं, "पिंजरा कुठे असतो?"

"चुलीपाशी. उबेला."

"आजच्या आज हलवा तिथून. धाप लागलेल्या जिवाला धूर म्हणजे विष. धुरात राहिला तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही, मरेल तो." आणि त्या रंगूबाईकडे वळल्या. "काकू, तुम्हीसुद्धा छाती दाखवून घ्या, आणि..."

"चल गो, उन्हं उतरायच्या आत घर गाठू," येसाजी म्हणाला. टोपली त्याच्या हातात होती आणि तो दाराबाहेर होता.

घरी आल्या आल्या त्यानं चपलाही नीट काढल्या नाहीत. पिंजरा उचलून पडवीत आणला. वारं लागू नये म्हणून एका अंगाला गोधडी टांगली. खालचा भुसा झाडून काढला आणि त्याजागी रंगूबाईची धुतलेली मऊ साडी घडी घालून अंथरली, तिला न विचारता. मग गबरूला छातीशी धरून त्याच्या ओठांच्या कडेला ड्रॉपर लावला. "घे रे माज्या राजा. कडू हाय, पर घे."

रंगूबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिला त्या मुक्या जिवाचा हेवा वाटला. मग त्या हेव्याची लाज वाटली. आणि मग वाटलं, लाज का म्हणून? छाती भरून येते, रात्री बसून काढावी लागते, हे तिनं या माणसाला कितींदा सांगितलं होतं. "बायकांना धूर काय नवा हाय?" एवढंच उत्तर. हर्षदनं घेऊन दिलेली गॅसची शेगडी पाहुण्यांच्या चहापुरती, एरवी वर फडकं टाकून कोपऱ्यात. का, तर गॅसवरच्या भाकरीला म्हणे चव नाय.

गबरूला पिंजऱ्यात ठेवून येसाजीनं हात पुसले. "आता चूल पेटव नि भाकऱ्या घाल. आन सैपाकघराचं दार लावून घे गो, धूर हिकडं यायला नको."

रंगूबाई आत गेली. आत भांडं वाजलं नाही, काटकी मोडली नाही. ती बाहेर आली ती बसायचा पाट घेऊन. पिंजऱ्याशेजारी पाट टाकला आणि ऐसपैस मांडी घालून बसली.

"भाकर?" येसाजीनं विचारलं.

"पीठ परातीत काढलंय. लाकडं चुलीम्होरं हायत. आधी पाणी उकळा, मग पीठ मळा."

"मी?"

"धाप लागलेल्याला धूर म्हंजे इष, असं डॉक्टरीण बोलली. तुमी ऐकलंत, मी बी ऐकलं."

"ती गबरूचं बोलली!"

"मग मला गबरू म्हणा. न्हायतर उंदीर म्हणा. पर मी आत जायाची नाय."

"डोकं फिरलं काय तुजं?" येसाजी कडाडला.

"हळू. बिचकतंय ते." तिनं पिंजऱ्यावर हात ठेवला.

येसाजीनं थोडा वेळ वाट पाहिली. ही बाई आत्ता उठेल, मग उठेल. मग तोही हट्टाला पेटला. "मला काय भाकर येत नाय व्हय? चुलीवरचीच करतो, बघ!" आणि ताडताड आत गेला.

काड्यापेटी पुन्हा पुन्हा वाजली. फुंकणीचा आवाज आला. लाकूड ओलं असावं, कारण धुराचा लोट आढ्यापर्यंत चढला. मग येसाजीचा खोकला सुरू झाला. आधी दाबलेला, मग चांगला पोटातून, थांबता थांबेना. एक भांडं घरंगळत गेलं.

गबरूनं मान वर केली. रंगूबाईनं त्याच्यापुढं गवताची एक कोवळी काडी धरली. त्यानं हुंगली, थांबला, आणि टोक कुरतडलं.

येसाजी दारात आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिशीवर राख बसली होती, एका हातात फुंकणी तशीच. चौकटीला धरून त्यानं बाहेरची हवा तोंडानं ओढून घेतली.

रंगूबाईनं त्याच्याकडे बघितलं आणि पाटावरून तसूभरही न हलता म्हणाली, "आवो, दार लावून घ्या. धूर हिकडं यायला नको."