लिस्बनमध्ये जेवायचं कुठे

सार्डिन माशांच्या खानावळीवरही उस्तादांनी पेन्सिलीने फुली मारली, तेव्हा बाईंनी हात टेकले.

"आता हिच्यात काय खोट काढलीत?"

"गर्दी फार असते," उस्ताद म्हणाले. "त्यापेक्षा टेकडीवरचा किल्ला बघू. वरून सगळं शहर दिसतं."

जेवणाच्या टेबलावर लिस्बनचा नकाशा पसरला होता. तो बाईंनी स्वतः काढला होता, कारण त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. सगळी नोकरी मुलांकडून राजधान्या पाठ करून घेण्यात गेली, आणि पाहिली मात्र एकही नाही. नकाशावर बघायच्या जागांना निळे ठिपके होते आणि खायच्या जागांना लाल. आठवडाभर नवऱ्याची पेन्सिल चालल्यावर नदीकाठी निळ्यांची दाटी झाली आणि लाल ठिपका औषधालाही उरला नाही.

एका खानावळीची खुर्ची गैरसोयीची, दुसरीत म्हणे नुसते प्रवासीच जातात, तिसरीचं नावच त्यांना पसंत पडेना. कुठला माणूस नावावरून जेवण नाकारतो? बरं, हा माणूस साधासुधा नव्हता. मोठ्या हॉटेलचा मुख्य शेफ, सगळं किचन त्याला उस्ताद म्हणायचं. तिकिटं काढून देणारी लेक फोनवर रोज विचारत होती, की टेबलं आधी राखून ठेवावी लागतात, तुमचं घोडं नेमकं कुठे अडलंय? बाई तिला काय सांगणार? हिवाळ्यातला तो ताप आल्यापासून उस्ताद जास्तच तिरसट झाले होते.

खरं तर बाईंना लिस्बनचंही एवढं कौतुक नव्हतं. लग्नानंतर दोघं एकाच ताटलीत जेवायला बाहेर जायचे. पहिला घास उस्तादांचा. ते डोळे मिटायचे आणि सांगायचे, लोणी जरा करपवलंय, मिरी घालताना आचाऱ्याचा हात आखडलाय. मग बाई खायच्या, आणि तेच सगळं त्यांच्या जिभेला सापडायचं. त्यांना जेवण निम्मं कानांनी कळायचं. एकदा सुट्टी मिळाली की तुला एक अख्खं शहर असं गल्लीगल्लीतून खाऊ घालीन, असा उस्तादांनी शब्द दिला होता. मग मुलगी झाली, हॉटेल वाढलं, सुट्टी राहिली. बाईंनी तो शब्द इतकी वर्षं जपला होता. आणि आता हा गृहस्थ त्यांना संग्रहालयांतून फिरवायला निघाला होता.

"माझ्याबरोबर जेवायचा कंटाळा आलाय का तुम्हाला?" बाईंनी सरळ विचारलं.

"काहीतरीच काय," म्हणत उस्तादांनी नकाशाची घडी घातली आणि कामाला निघून गेले.

हॉटेलात मात्र या माणसाचे गोडवे गायले जात. त्यांच्या हाताखालचा एक शेफ परवाच भेटला होता. म्हणाला, उस्ताद हल्ली स्वतः चव बघतच नाहीत, आम्हालाच चाखायला लावतात आणि काय कमी आहे ते आमच्याकडून वदवून घेतात. असा शिकवणारा दुसरा नाही. बाईंच्या मनात आलं, परक्या पोरांची जीभ घडवायला वेळ आहे, बायकोला चार घास भरवायला नाही.

दुपारी त्या तणतणतच उठल्या. येत नाही ना लिस्बन खायला, मग लिस्बनच ताटात आणून आदळते. तिथले ते कस्टर्डचे छोटे टार्ट करायचे त्यांनी ठरवलं. पीठ लाटलं, अंड्यांचे बलक फेटले. फळीवर दोन सारख्या बरण्या होत्या, उजवीकडे पिठीसाखर आणि डावीकडे बारीक मीठ. बरण्यांवर चिठ्ठ्या लावायला उस्तादांची सक्त मनाई. चिमूटभर जिभेवर ठेवा आणि ओळखा, हा त्यांचा नियम. भरायचेही तेच, गेल्याच रविवारी त्यांनी सगळ्या बरण्या भरून ठेवल्या होत्या. बाईंना आज नियम पाळण्याइतका धीर नव्हता. त्यांनी उजवीकडची बरणी ओढली आणि सढळ हाताने ओतली.

टार्ट भाजले जाऊ लागले तसा दालचिनीचा वास जिन्यापर्यंत गेला. वरच्या मजल्यावरची शेजारीण काय चाललंय म्हणून डोकावून गेली. उस्ताद आले, बूट काढले, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "आज जेवायला काय?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ताटली समोर आदळली.

"अरे वा," उस्ताद हसले. "लिस्बन घरीच आलं."

पहिला घास नेहमीप्रमाणे त्यांचा. त्यांनी डोळे मिटले, अगदी पूर्वीसारखे. बाईंना सगळा राग विसरल्यासारखं झालं. त्या पदराला हात पुसत नुसत्या बघत राहिल्या.

"कड छान खुसखुशीत झालीय. दालचिनी बेताची, तेच बरं," उस्ताद सावकाश म्हणाले. "साखर मात्र जरा जास्त झाली."

झालं. संसारभर हेच ऐकलं होतं. खिरीत साखर जास्त, केकमध्ये साखर जास्त, आणि आता एवढा घाम गाळून केलेल्या टार्टमध्येही तेच. उस्तादांनी दुसरा टार्ट उचलला, तोही संपवला आणि वर पेलाभर पाणी प्यायले. आज यांना खोटं पाडायचंच, म्हणून बाईंनी एक उचलला आणि मोठा घास घेतला.

मीठ होतं. साखरेचा कण नव्हता, नुसतं खारट मीठ.

बाईंनी उस्तादांकडे पाहिलं. ते पेला हातात धरून त्यांच्या उत्तराची वाट बघत होते. बाईंनी तो घास चावला आणि कसाबसा गिळला.

"हो," त्या म्हणाल्या, "साखर जरा जास्तच झाली. आणि अहो, तो टेकडीवरचा किल्ला पहिल्याच दिवशी बघू या."