त्रेसष्ट शेळ्या

दार उघडलं तरी डॉक्टरांचा पाय उंबऱ्याआत पडेना. शेवटी शेळीवालीच म्हणाली, "या की आत. किती वेळ उभे राहणार?"

खोली एवढीशी. खिडकीशी शिलाई मशीन, एक खाट, कोपऱ्यात वह्या पसरून बसलेली मुलगी. पडद्यामागे शेळीवालीचा नवरा पडून होता. शेळ्या गेल्यापासून तो असाच, भिंतीकडे तोंड करून.

दोन वर्षांपूर्वी माळावरची काळविटं पटापट मरायला लागली होती. धाप, तोंडाला फेस, दोन दिवसांत कारभार आटोपलेला. रोग शेळ्यांनी आणला, असं ठरवून याच गुरांच्या डॉक्टरांनी हिच्या घरच्या त्रेसष्ट शेळ्या मारायच्या कागदावर सही केली होती.

"ताई, प्रयोगशाळेचं पत्र आलंय." त्यांची मान खालीच होती. "काळविटांच्या रक्तात दोन विषाणू सापडले. आजवर कुणालाच ठाऊक नसलेले. मग जुने नमुने काढून पाहिले, त्यांतही तेच. वर्षानुवर्षं ते काळविटांतच होते."

"आणि आमच्या शेळ्या?"

"मारण्याआधी रक्त काढून ठेवलं होतं. एकीतही काही नाही. ठणठणीत होत्या."

तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. आता ही शिव्या देईल, निमूट ऐकून घ्यायच्या, असं डॉक्टरांनी मनाशी ठरवलं.

ती मुलीला म्हणाली, "मैत्रिणीकडे जाऊन बस जरा."

"आई, उद्या पेपर आहे!" कुरकुरत मुलगी उठली. सहा वर्षं शेळ्यांमागे हिंडलेली. आता वर्गात सगळ्यांत थोराड तीच.

"आधी तपासायला हवं होतं मी," डॉक्टर म्हणाले. "ऑफिसात कुणीतरी फोन केला, तुमच्या शेळ्या खोकतायत म्हणून. मी डोळे झाकून खरं मानलं. स्वतःचं तोंड आरशात बघवत नाही हो. तुमच्या मालकांना एकदा सांगू द्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं."

ते पडद्याकडे वळले. तिनं झटकन त्यांची बाही धरली. तिची मान वर होत नव्हती.

"नका सांगू," ती कुजबुजली. "मारतील असं नव्हतं वाटलं. शेळ्या घेऊन जातील, पोरगी शाळेत जाईल, एवढंच. तो फोन मीच केला होता."